साडेसातशे लोकांचे गाव गर्दीला दार का लावू शकत नाही?

27 ऑगस्ट 2023 रोजी ऑस्ट्रियातील हालश्टाट या गावाचे शंभरेक रहिवासी गावात येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी पंधरा मिनिटे वाहतूक रोखून धरली. रोज येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घाला आणि संध्याकाळी पाचनंतर पर्यटकांच्या बसगाड्या येऊ देऊ नका, अशा त्यांच्या दोन मागण्या होत्या. गावाची लोकवस्ती जेमतेम साडेसातशे आणि हंगामातल्या एखाद्या दिवशी तिथे येणारे पाहुणे दहा हजारांपर्यंत, हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की त्या मागण्यांमागचा त्रागा समजतो. त्याच वर्षी मे महिन्यात, जिथून सरोवराचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले जाते त्या जागी नगरपालिकेने लाकडी कुंपण उभारले होते. समाजमाध्यमांवर आरडाओरडा होताच ते काही दिवसांत काढावे लागले.

ही बातमी वाचणाऱ्या कोणालाही एक प्रश्न पडेल. हे लोकशाही देश असलेल्या ऑस्ट्रियातील स्वतःची निवडून आलेली परिषद आणि थेट मतदानाने निवडलेला नगराध्यक्ष असलेले गाव आहे. मग गावाने ठराव करून प्रवेश मर्यादित का करू नये? नागरिकांना स्वतःच्याच गावाच्या रस्त्यावर उभे राहून, आणि तेही फक्त पाव तास, निषेध का करावा लागावा? याचे उत्तर हालश्टाटचा भूगोल, त्याचा मिठाचा इतिहास आणि ऑस्ट्रियातील अधिकारांची वाटणी या तीन गोष्टींत विभागलेले आहे, आणि माझ्या मते त्यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते.

डोंगर आणि सरोवर यांच्यामधली पट्टी

हालश्टाट हे अप्पर ऑस्ट्रिया प्रांतातील साल्झकामरगूट या डोंगराळ प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे 510 मीटर उंचीवर, हालश्टाट सरोवराच्या पश्चिम काठावर वसले आहे. सरोवराची खोली सव्वाशे मीटरपर्यंत जाते. दक्षिणेला डाख्श्टाइन हा चुनखडीचा पर्वत 2,995 मीटर उंच उभा आहे. काठाला लागूनच डोंगराचा कडा चढू लागतो, त्यामुळे जुने गाव एका अरुंद पट्टीवर एकावर एक रचल्यासारखे बसले आहे आणि वरच्या घराचे अंगण कित्येकदा खालच्या घराच्या छपराच्या पातळीवर येते. लान नावाचा दक्षिणेकडचा भाग तेवढा सपाट आहे. तो डोंगरातून येणाऱ्या ओढ्याने आणलेल्या गाळाने तयार झाला, आणि आजचा बसतळ व वाहनतळ तिथे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येथे पोहोचायला होडी किंवा डोंगरातील पायवाट हेच मार्ग होते. 1877 मध्ये रेल्वे आली, पण ती समोरच्या पूर्व काठाने गेली, आणि आजही गाडीतून उतरणारा प्रवासी बोटीने सरोवर ओलांडूनच गावात येतो. वाहनांची वर्दळ जुन्या वस्तीतून जाऊ नये म्हणून 1966 मध्ये डोंगराच्या पोटातून बोगदा काढण्यात आला. थोडक्यात, गावात शिरण्याचे मार्ग मोजून तीन-चार आहेत, आणि एवढे मोजके मार्ग असलेल्या गावाला ते बंद करणे सोपे असेल, असे बाहेरच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे.

जागा इतकी कमी, की मेलेल्यांनाही ती पुरत नसे. दफनभूमी लहान असल्यामुळे काही वर्षांनी जुनी कबर उघडून अस्थी बाहेर काढत, कवट्या उन्हात वाळवत आणि त्यांवर फुले, पाने, नाव व साल रंगवून त्या चर्चजवळील अस्थिगृहात मांडत. तिथे आज सुमारे 1,200 कवट्या आहेत आणि त्यांतील सहाशेहून अधिक रंगवलेल्या आहेत. पर्यटक त्याकडे विचित्र वस्तू म्हणून पाहतात. खरे तर तो जागेच्या टंचाईवर काढलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने निभावलेला तोडगा आहे.

मिठाने घडवलेले गाव

गावाच्या वर, डोंगरातील एका उंच खोऱ्यात, मिठाचा प्रचंड साठा आहे. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र आटून साठलेले हे मीठ पुढे आल्प्स पर्वत घडताना माती आणि जिप्सम यांच्यात मिसळून डोंगरात अडकले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात तिथे खोल खाणी चालू होत्या याचा भक्कम पुरावा आहे: 2003 मध्ये खाणीत एक लाकडी जिना सापडला, आणि त्याच्या लाकडातील वाढीच्या वलयांवरून तो इ.स.पू. 1344-43 या काळातील असल्याचे ठरले. मीठ जसे मासा टिकवते तसेच ते लाकूड, लोकर आणि चामडेही टिकवते. म्हणूनच तीन हजार वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांच्या चामडी पाठपिशव्या, कापडाचे तुकडे आणि जळालेल्या मशाली आजही हाती लागतात.

1846 ते 1863 या काळात योहान गेओर्ग रामझाउअर या खाणीवरील अधिकाऱ्याने त्या खोऱ्यातील प्राचीन दफनभूमीत सुमारे 980 कबरी उकरून त्यांतील प्रत्येकाची चित्रांसह नोंद ठेवली. कबरींमध्ये बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर आणि हस्तिदंती मुठीची तलवार निघाली. आडरानातील या खोऱ्याला मिठाने केवढ्या दूरच्या व्यापाराशी जोडले होते हे त्यावरून दिसते. युरोपातील इ.स.पू. सुमारे 800 ते 450 या लोहयुगाच्या पूर्वार्धाला संशोधक आज याच गावाच्या नावाने ओळखतात. व्हिएन्नाचे निसर्गेतिहास संग्रहालय 1960 पासून येथे उत्खनन करत आहे, आणि महत्त्वाच्या वस्तू तिथेच ठेवल्या आहेत.

पुढच्या इतिहासाचा राजकीय धागा इथे पकडायला हवा. मीठ म्हणजे महसूल, आणि महसूल म्हणजे सत्ता. 1311 मध्ये राजा आल्ब्रेख्त पहिला याची विधवा राणी एलिझाबेथ हिने मीठउद्योगाची नव्याने घडी बसवली आणि हालश्टाटला बाजाराचा हक्क दिला. त्यानंतर हा सगळा मुलुख हाब्सबुर्ग राजघराण्याच्या खजिन्याची थेट मालमत्ता म्हणून चालवला गेला. जंगल खजिन्याचे, कारण मिठाचे पाणी आटवायला सरपण लागे. वाहतूक खजिन्याची, कारण मीठ चोरीला जाता कामा नये. प्रदेशात येण्याजाण्यावरही बंधने होती. जवळची जंगले पुरेनात तेव्हा 1595 ते 1607 या काळात सुमारे 13,000 झाडांचे बुंधे आतून पोखरून जवळजवळ 40 किलोमीटर लांबीची नळवाट तयार करण्यात आली आणि मिठाचे पाणी तिच्यातून एबेनझे येथील भट्ट्यांपर्यंत वाहू लागले. खाण आजही चालू आहे: डोंगरात पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि ते खारे पाणी नळाने एबेनझेलाच जाते.

सरकारी खाणीत राबणाऱ्या या लोकांचा स्वभाव मात्र आज्ञाधारक नव्हता. कॅथलिक राजसत्तेखाली त्यांच्यापैकी पुष्कळांनी प्रॉटेस्टंट पंथ छुपेपणाने जपला, आणि 1734 मध्ये सम्राट कार्ल सहावा याने साल्झकामरगूटमधील अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबांना सक्तीने दूर ट्रान्सिल्व्हेनियात पाठवले. पुढे कामगार चळवळ आली आणि खाणकामगारांच्या या पट्ट्यात समाजवादी लोकशाही पक्षाने मूळ धरले. 2009 मध्ये नगराध्यक्ष झालेले आलेक्झांडर शॉइट्झ याच पक्षाचे आहेत.

बाजारगाव हा दर्जा काय देतो?

राणीने दिलेल्या हक्काचा आजचा अवशेष म्हणजे हालश्टाटच्या अधिकृत नावापुढे लागणारी ‘बाजारगाव’ ही उपाधी. मध्ययुगात ती फार मोलाची होती, कारण आठवड्याचा बाजार भरवणे, वजनमापे ठरवणे आणि व्यापाऱ्यांकडून शुल्क घेणे हे हक्क तिच्यासोबत येत. आजच्या ऑस्ट्रियात मात्र ती जवळजवळ केवळ मानाची आहे. देशात सुमारे 2,100 गावपालिका आहेत. त्यांतील काहींना शहर, काहींना बाजारगाव अशी उपाधी आहे आणि बाकीच्या नुसत्याच गावपालिका आहेत. स्वतंत्र सनद असलेली मूठभर शहरे वगळली तर या सर्वांचे अधिकार सारखेच. त्यामुळे ‘सातशे वर्षांचा हक्क आहे, तो वापरा’ हा सल्ला ऐकायला छान असला तरी त्यामागे कायदा नाही.

हे अधिकार राज्यघटनेत लिहिलेले आहेत. गावपालिकेच्या कामाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात गावाचे स्वतःचे विषय येतात: स्थानिक बांधकाम परवानग्या, जमीन कशासाठी वापरायची याचा आराखडा, गावाचे रस्ते, स्थानिक शांतता. दुसऱ्या भागातली कामे गावपालिका केंद्राच्या किंवा प्रांताच्या वतीने करते; निवडणुका घेणे हे त्याचे एक उदाहरण. परिषद व नगराध्यक्ष दर सहा वर्षांनी निवडले जातात, शेवटची निवडणूक सप्टेंबर 2021 मध्ये झाली. हालश्टाटच्या आकाराच्या गावात परिषदेवर तेरा सदस्य असतात, आणि मोठ्या पक्षांबरोबर स्थानिक नागरिकांची स्वतंत्र यादीही तिथे लढते. अशा परिषदेत एखाद्या सदस्याचे घर पाहुण्यांना भाड्याने दिलेले असते आणि दुसऱ्याच्या दारात बस उभी राहते. गर्दीविषयीचे मतभेद तिथे पक्षांच्या रेषेवर कमी आणि उंबऱ्याच्या रेषेवर जास्त पडणार हे उघड आहे.

गाव कोणाचे?

इथे खरी गोम आहे. जुन्या वाड्यातील एकत्र कुटुंबाने खोल्या भावाभावांत वाटून घेतल्या, विहीर आत्याच्या नावावर गेली, बोळ नगरपालिकेचा झाला आणि दिंडीदरवाजा पुरातत्त्व खात्याच्या यादीत लागला, तर त्या वाड्यात कोणी शिरावे हे ठरवणार कोण? हालश्टाटचे तसेच झाले आहे. सरोवर आणि भोवतालची बरीचशी जंगले ऑस्ट्रियाच्या सरकारी वनकंपनीच्या मालकीची आहेत. जुन्या राजखजिन्याची ती मालमत्ता राजेशाही गेल्यावर प्रजासत्ताकाकडे आली. मिठाची मक्तेदारी ऑस्ट्रिया युरोपीय संघात गेला तेव्हा, 1995 मध्ये संपली, आणि 1997 मध्ये मीठकंपनीचे खाजगीकरण झाले. खाणीची पर्यटनसफर आज तिच्याच उपकंपनीकडे आहे. बोगद्यातून जाणारा रस्ता प्रांताचा. रेल्वे केंद्राची. घरे खाजगी, पण त्यांतील अनेक घरांच्या दर्शनी भागाला हात लावायचा झाला तर केंद्रीय वारसा कार्यालयाची परवानगी हवी.

मुद्दाम रस्त्याकडे परत पाहा. 2023 मध्ये रहिवाशांनी जो बोगदा अडवला तो त्यांच्या गावपालिकेचा नव्हताच. तो कायमचा बंद करण्याचा अधिकार परिषदेकडे नाही, आणि म्हणून निषेध पाव तासाच्या पलीकडे जाऊ शकत नव्हता.

व्हेनिस तिकीट लावते, मग हालश्टाट का नाही?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि तो रास्तही आहे. व्हेनिसने 25 एप्रिल 2024 पासून काही ठरावीक दिवशी दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. पण ते शुल्क व्हेनिसच्या नगरपालिकेने स्वतःच्या बळावर लावलेले नाही. त्यासाठी इटलीच्या संसदेने 2018 च्या अखेरीस अर्थसंकल्पी कायद्यातून शहराला खास अधिकार दिला, आणि त्यानंतरही अंमलबजावणीला पाच वर्षे गेली. ऑस्ट्रियात कर आणि शुल्क कोणी लावायचे हे 1948 चा वित्तघटना कायदा ठरवतो. त्यानुसार केंद्राच्या किंवा प्रांताच्या कायद्याने मुभा दिलेले करच गावपालिका घेऊ शकते. मुक्कामी पाहुण्यांवर रात्रीगणिक कर घेण्याची अशी मुभा आहे. सार्वजनिक रस्त्यावरून चालत गावात येण्याचे तिकीट लावायचे तर आधी वरच्या विधिमंडळात कायदा व्हावा लागेल.

दुसरी अडचण कायद्यापेक्षा मनाची आहे. गावाला फाटक बसले की ते गाव राहत नाही, अशी धास्ती तिथल्यांना आहे, आणि तिला एक जिवंत संदर्भ आहे. चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात हुइचौ येथे 2012 मध्ये हालश्टाटच्या चौकाची आणि चर्चची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. सुरुवातीला गावकरी बिथरले, नंतर नगराध्यक्ष उद्घाटनाला गेले. मूळ गावाच्या तोंडाशी तिकीटखिडकी बसली, तर प्रतिकृतीत आणि मूळ गावात फरक काय उरेल, हा प्रश्न मला तरी पोकळ वाटत नाही.

पर्यटक पैसे आणतात, मग तक्रार कसली?

पैसे येतात हे खरे, पण ते कोणाच्या खिशात जातात ते पाहावे लागते. ऑस्ट्रियात प्राप्तिकर, मूल्यवर्धित कर यांसारखे मोठे कर केंद्र गोळा करते आणि त्यांतील वाटा गावपालिकांना मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतो. लोकसंख्या म्हणजे तिथे नोंद असलेले रहिवासी. म्हणजे हालश्टाटमध्ये दिवसभरात दहा हजार लोकांनी कॉफी प्यायली तर तिच्यावरचा कर केंद्राकडे जातो, आणि गावाचा वाटा मात्र साडेसातशे डोक्यांच्या हिशेबाने परत येतो. सांडपाणी, कचरा आणि स्वच्छतागृहे मात्र दहा हजारांच्या मापाची लागतात.

याखेरीज गावाला स्वतःचे उत्पन्न आहे: गावातील मालक आपल्या कर्मचाऱ्यांना जो पगार देतात त्याच्या तीन टक्के कर, घरपट्टी, मुक्कामाचा कर आणि वाहनतळाचे व स्वच्छतागृहांचे शुल्क. त्यात मुक्कामाच्या कराचा उपयोग मर्यादित, कारण बहुतेक पर्यटक राहतच नाहीत. छायाचित्र काढून, फार तर आइस्क्रीम खाऊन ते पुढच्या ठिकाणी निघतात. म्हणून या गावाच्या अंदाजपत्रकात वाहनतळ आणि स्वच्छतागृह हे विनोदाचे विषय नाहीत.

आणि घरांचे काय? घर भाड्याने दिले तर पाहुण्यांकडून मिळणारी रक्कम स्थानिक कुटुंबाला परवडणाऱ्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असते. 1970 च्या दशकात गावात हजाराहून अधिक लोक राहत होते. खाणीतल्या नोकऱ्या घटल्या, तरुण बाहेर गेले, आणि रिकाम्या होणाऱ्या घरांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. गंमत अशी की रहिवासी कमी झाले की केंद्राकडून येणारा वाटाही कमी होतो.

युनेस्को काही करत नाही का?

हालश्टाट, डाख्श्टाइन आणि साल्झकामरगूटचा सांस्कृतिक भूप्रदेश 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. पुष्कळांना वाटते की यादीत नाव आले म्हणजे युनेस्को त्या जागेची व्यवस्थापक होते. तसे नसते. 1972 च्या करारानुसार जबाबदारी सही करणाऱ्या देशाची राहते. युनेस्को अहवाल मागते, तज्ज्ञ पाठवते, इशारा देते आणि टोकाला गेल्यास नाव काढते. महाराष्ट्रातील किल्ले 2025 मध्ये ज्या करारान्वये यादीत आले तो हाच, त्यामुळे हा फरक आपल्याकडेही नीट समजून घेण्याजोगा आहे. व्हिएन्नाचे ऐतिहासिक केंद्र एका उंच इमारतीच्या प्रकल्पावरून 2017 मध्ये ‘धोक्यातील वारसा’ ठरले. जर्मनीतील ड्रेस्डेनचे एल्ब खोरे पुलाच्या बांधकामामुळे 2009 मध्ये यादीतून वगळले गेले, आणि तो पूल तेथील लोकांनी मतदानाने मागितलेला होता.

खरा दंडुका ऑस्ट्रियाच्या स्वतःच्या 1923 च्या वारसा संरक्षण कायद्यात आहे. 2024 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन जागतिक वारसा स्थळांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला आणि संरक्षित इमारतीची निगा राखणे मालकावर बंधनकारक झाले. हा कायदा घराची खिडकी आणि छप्पर वाचवतो. खिडकीखाली उभ्या असलेल्या माणसांची संख्या त्याच्या कक्षेत येत नाही.

मग गावाने केले काय?

जिथे अधिकार स्वतःचा होता तिथे गावाने तो वापरला. बसतळ गावपालिकेच्या हाती आहे. 2019 पर्यंत वर्षाला येणाऱ्या पर्यटक बसगाड्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली होती. मे 2020 पासून प्रत्येक बसला आधी वेळ आरक्षित करून शुल्क भरावे लागते, दिवसाला ठरावीक बसगाड्यांनाच जागा मिळते, आणि आलेल्या बसने किमान अडीच तास थांबावे असा नियम आहे. शेवटची अट सर्वांत हुशार आहे, कारण अडीच तास थांबलेला माणूस जेवतो, खाणीकडे जातो, संग्रहालय पाहतो. वीस मिनिटांत पळणारा फक्त रस्ता अडवतो. जुन्या वस्तीत दिवसा मोटारी शिरू नयेत यासाठीही अडथळे आहेत.

उरलेला प्रश्न खाजगी मोटारींचा आणि रेल्वेने येणाऱ्यांचा आहे. मोटारींना अडवायचे तर वाहनतळ भरल्याचे सरोवराच्या अलीकडेच, प्रांताच्या रस्त्यावर कळायला हवे, म्हणजे प्रांताचे सहकार्य हवे. रेल्वेने येणाऱ्याला तर कोणी अडवूच नये, कारण तोच सर्वांत कमी त्रासाचा पाहुणा आहे. पुढची निवडणूक 2027 मध्ये होईल. तेव्हा कोणीही निवडून आले, तरी त्यांच्या हाती बसतळ, बांधकाम परवानग्या आणि जमीनवापराचा आराखडा एवढेच थेट असेल. दिवसभराच्या पाहुण्यांवरील शुल्काची आणि करवाटपाच्या सूत्राची मागणी त्यांना लिंझमधील प्रांतिक आणि व्हिएन्नामधील केंद्रीय विधिमंडळाकडे न्यावी लागेल.